तंजावर : आपली लांबची राजधानी

मराठ्यांच्या राजधान्या सांगा असं वर्गात विचारलं की मुलं रायगड, सातारा, कोल्हापूर म्हणायची. एखादा हुशार मुलगा बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर अशी यादी लांबवायचा. तंजावर कुणीच म्हणायचं नाही. मुलांचा दोष नाही. पाठ्यपुस्तकात तंजावर येतं ते दक्षिण दिग्विजयाच्या धड्यात, दोन ओळींत, आणि तेही महाराजांना न जुमानणारे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे राहतात ते गाव म्हणून. धडा संपला की तंजावर संपलं! प्रत्यक्षात तिथे भोसल्यांचं राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षं चाललं. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, सातारा १८४८ मध्ये खालसा झालं, आणि तंजावरची गादी त्यानंतरही सात वर्षं होती.

आमचा भाचा त्रिचीला नोकरीला आहे. "मामी, या एकदा, सगळं दाखवतो," असं तो बरीच वर्षं म्हणत होता. यंदा पोंगलनंतर आम्ही दोघं गेलो. त्रिचीहून तंजावर तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, कावेरीचे कालवे, मधूनमधून नारळ. हा सुपीक पट्टा पाहिला की चोळांपासून इंग्रजांपर्यंत प्रत्येकाला हे गाव का हवं होतं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तंजावरला जाणारा माणूस आधी मोठ्या देवळात जातो. आम्हीही गेलो. राजराज चोळाने बांधलेलं हे बृहदीश्वराचं मंदिर १०१० मध्ये पूर्ण झालं. विमान सुमारे २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि जवळपास ग्रॅनाइटची खाण नाही. गाइड लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. दोन, वरचा घुमट ८० टनांच्या एकाच दगडाचा आहे. सावली पडते हो! दुपारी चारला तिच्यातच तर आम्ही बसलो होतो, कारण फरशी इतकी तापली होती की अनवाणी पाय ठेववत नव्हता. आणि घुमट अनेक तुकडे जोडून केलेला आहे असं अभ्यासक सांगतात. मला या दंतकथांपेक्षा भिंतींच्या पायथ्याला खोदलेले तमिळ लेख जास्त नवलाचे वाटले. देवाला कुणी किती सोनं दिलं, दिव्याला तूप कुठून यायचं, देवळात नेमलेल्या ४०० नर्तकींची नावं, त्यांना दिलेली घरं, सगळं दगडावर. हजार वर्षांपूर्वीची कीर्दवहीच म्हणा ना.

आणि त्याच देवळाच्या आवारात, नैर्ऋत्येच्या बाजूला, एक भिंत मराठी बोलते. भोसले वंशाचं चरित्र तिथे दगडावर कोरलेलं आहे. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी ते त्यांच्या चिटणिसाकडून, बाबूरायाकडून लिहवून घेतलं. अक्षर देवनागरी, भाषा तंजावरच्या दरबाराची मराठी. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक म्हणून त्याचं नाव घेतात. मी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. दोन शब्दांत अंतर सोडलेलं नाही, त्यामुळे बोटाने शब्द तोडत तोडत जावं लागतं, पहिलीतल्या मुलासारखं. जिकडेतिकडे शेकडो माणसं होती, पण त्या भिंतीपाशी आम्ही तिघंच. एका तमिळ आजींनी थांबून भाच्याला विचारलं, या बाई काय वाचताहेत? त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे यांना हे वाचता येतं? आणि मग त्याही शेजारी बसल्या, मी वाचत होते तोवर. एक अक्षर कळत नसताना.

मनात आलं, १८०३ साली या राजाला आपल्या घराण्याचा इतिहास दगडावर कोरावासा का वाटला असेल? त्याचं उत्तर त्याच्या आधीच्या तीस-चाळीस वर्षांत आहे, म्हणून थोडा इतिहास सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा.

व्यंकोजीराजे म्हणजे शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे चिरंजीव. तंजावरला चोळांनंतर कालांतराने नायक राजे आले. त्यांच्यातला शेवटचा मदुरेच्या नायकाशी लढताना १६७३ मध्ये मारला गेला. त्याच्या वारसाला गादी मिळवून द्यायला विजापूरकरांनी व्यंकोजींना पाठवलं. व्यंकोजींनी गादी मिळवली आणि थोड्याच काळात स्वतःच तीवर बसले. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले, कोळेरून नदीकाठी तिरुमलवाडीला भावाभावांची भेट झाली, वडिलांच्या मिळकतीतला वाटा महाराजांनी मागितला आणि व्यंकोजीराजे रातोरात निघून गेले. पुढे लढाई झाली, व्यंकोजी हरले, आणि रघुनाथपंत हणमंते व दीपाबाई यांच्या मध्यस्थीने समेट झाला. एवढं आपण शिकवतो. त्यानंतर हताश होऊन बसलेल्या धाकट्या भावाला महाराजांनी जे पत्र लिहिलं, हे वैराग्य कसलं, कामाला लागा, असं खडसावणारं, ते मात्र मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत माणुसकीचं वाटत आलेलं आहे. असो.

पुढच्या पिढीतल्या शहाजीराजांनी (१६८४ ते १७१२) तर दरबार म्हणजे नाटकशाळाच केली. त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे पहिलं मराठी नाटक समजलं जातं. आपण मराठी रंगभूमीचा जन्म १८४३ मध्ये सांगलीला, विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'पासून धरतो. तंजावरचं धरलं तर तारीख दीडशे वर्षं मागे जाते! याच राजाचं 'पंचभाषाविलास' नावाचं नाटक आहे, त्यात पाच भाषा आहेत : तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत. राजा मराठी, प्रजा तमिळ, दरबारात तेलुगू, पंडितांत संस्कृत. कुणी कुणाला आपली भाषा सोडायला लावली नाही. आजच्या भाषिक भांडणांच्या दिवसांत हे नुसतं आठवलं तरी बरं वाटतं.

मग उतरण लागली. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतलं, तुळजाराजे कैदेत पडले. १७७६ मध्ये कंपनीनेच त्यांना परत गादीवर बसवलं. ज्या लॉर्ड पिगॉटने हे केलं त्याला त्याच वर्षी त्याच्याच कौन्सिलने अटक केली आणि दुसऱ्या वर्षी तो अटकेतच मेला. नवाबाच्या सावकारांचे पैसे तंजावरच्या महसुलात अडकले होते ना! तुळजाराजांनी मरण्यापूर्वी १७८७ मध्ये दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तो हा सरफोजी. चुलते अमरसिंग गादीवर बसले, मुलाचे हाल होऊ लागले, आणि श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने त्याला संभाळलं, मद्रासला पाठवून शिकवलं. १७९८ मध्ये इंग्रजांनी सरफोजीला गादीवर बसवलं. आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, सगळा राज्यकारभार कंपनीने घेतला. राजाकडे उरला किल्ला, आसपासचा थोडा भाग, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. ज्याला राज्य उरलं नाही त्याने चार वर्षांनी वंशचरित्र दगडावर कोरलं. कागद जाईल, गादी जाईल, चोळांनी बांधलेली भिंत जाणार नाही, असा हिशेब त्याने केला असावा असं मला वाटतं. हिशेब चुकला नाही.

दुसरा दिवस राजवाड्याचा. हा वाडा नायकांनी सुरू केला आणि मराठ्यांनी वाढवला. आत शिरताना फार अपेक्षा ठेवू नये. काही भाग नीट डागडुजी केलेले, काही पडके, कबुतरांनी भरलेले. घंटेचा उंच मनोरा आहे, सर्जा माडी आहे, एका दालनात देवमाशाचा सांगाडाही ठेवलेला आहे, तो पाहायला शाळकरी मुलांची झुंबड! माझे गुडघे जिने चढू देत नाहीत, त्यामुळे वरून दिसणारं गाव भाच्याने पाहून खाली येऊन सांगितलं.

कलादालन मात्र चुकवू नये. तिथे चोळकाळातल्या पंचधातूच्या मूर्ती आहेत. तिरुवेंकाडूला जमिनीत सापडलेला वृषभवाहन शिव मी याआधी फक्त पुस्तकात पाहिला होता. १०११ सालचा. डोक्याला जटांचं पागोट्यासारखं मुंडासं, एक पाय सहज आडवा टाकलेला, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकलेला. फक्त नंदी नाही. तो सापडलाच नाही. त्यामुळे देव हजार वर्षं हवेवर रेलून उभा आहे आणि तरीही तोल गेलेला नाही. आमचे हे एरवी संग्रहालयात दहा मिनिटांत बाक शोधतात, तेसुद्धा त्याच्यासमोरून हलेनात.

जवळच नायकांच्या दरबाराच्या दालनात सरफोजीराजांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा आहे, फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने केलेला. डोक्याला तंजावरी टोकदार पगडी, हात जोडलेले. शिवगंगा तळ्याजवळच्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये याच शिल्पकाराचं दुसरं काम आहे : पाद्री मरणशय्येवर, आणि शेजारी त्याचा हात धरून हिंदू राजा. गंमत अशी की एवढा लळा असूनही राजाने धर्म बदलला नाही आणि पाद्र्यानेही तो बदलला नाही म्हणून माया कमी केली नाही.

आणि मग सरस्वती महाल. खरं तर मी तंजावरला आले ती याच्यासाठी.

हे ग्रंथालय नायकांच्या वेळेपासूनचं, पण त्याला आजचं रूप सरफोजींनी दिलं. तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्या आहेत, संस्कृत तर हजारोंनी, त्यांतल्या मराठीच तीन हजारांच्या आसपास. शिवाय राजाने युरोपातून मागवलेली पुस्तकं, त्यांवर त्याची इंग्रजी सही. पाहुण्यांना मूळ भांडार पाहता येत नाही, शेजारचं छोटं संग्रहालय पाहता येतं. त्यात ताडपत्रं आहेत, जुने नकाशे आहेत, चिनी शिक्षांची अंगावर काटा आणणारी चित्रं आहेत, आणि ल ब्रन या फ्रेंच चित्रकाराची माणसाचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून काढलेली चित्रं. घुबडासारखा माणूस, बैलासारखा माणूस... आमच्या शाळेतले दोन-तीन जण मला तिथे तत्काळ भेटले!

एका काचेखाली मोडीतला कागद होता. माझे आजोबा मोडीत लिहीत. आमच्या वेळेपर्यंत शाळेतून ती गेली होती. निवृत्त झाल्यावर मी वर्ग लावून शिकले. तंजावरच्या दरबाराचे मोडी कागद हजारावर रुमालांत बांधलेले आहेत, काही इथे, काही तिथल्या तमिळ विद्यापीठात. खर्च, पगार, पत्रं, देवस्थानं, दवाखाना, नाटकमंडळी. मी काचेला नाक लावून एक एक अक्षर सोडवत होते तेव्हा तिथला पहारेकरी उठून आला. वाटलं, आता ओरडणार. त्याने तमिळमध्ये विचारलं, भाच्याने उलथा केला : "तो म्हणतो, रोज इथे बसतो, हे वाचणारं माणूस क्वचित दिसतं. काय लिहिलंय?" मी म्हटलं, खर्चाचा हिशेब आहे. त्याचा चेहरा जरासा पडला. त्याला बहुधा खजिन्याचा पत्ता हवा होता.

पण खजिना तोच तर आहे. सरफोजींच्या नेत्ररुग्णांचे कागद याच ग्रंथालयात सापडले. चाळीसहून अधिक रोग्यांची टिपणं, मोडीत आणि इंग्रजीत : डोळ्याला काय झालं, काय उपचार केले, कधी बरं वाटलं, आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. शस्त्रक्रिया राजा स्वतः करायचा असं गाइड छातीठोकपणे सांगतात. राजाच्या पदरी इंग्रज डॉक्टरही होता, तेव्हा इतकं ठासून बोलू नये. पण रोग्याची नोंद चित्रासकट ठेवणारा राजा दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे दुसरा कोण होता?

शिक्षिका म्हणून मला वेगळ्याच गोष्टीने पकडलं. १८०५ च्या सुमारास राजाने वाड्यात देवनागरी छापखाना काढला. नाव नवविद्याकलानिधी. १८०६ मध्ये तिथे इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, सख्खण पंडितांनी केलेलं भाषांतर, 'बालबोध मुक्तावली'. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांची इसापनीती आली १८२८ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी. मराठी मुलांसाठी छापलेलं गोष्टींचं पुस्तक आधी पुण्यात नाही, मुंबईत नाही, कावेरीच्या काठी निघालं! चाळीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत काढलेल्या बाईला हे कुणी आधी सांगायला नको होतं का?

जेवताना आमच्या दोघांत वाद झाला. हे म्हणाले, "पोथ्या जमवल्या, ठीक आहे. पण माणूस इंग्रजांचा मिंधाच. बाकी उरलं काय होतं त्याच्याकडे?" पुरावाही त्यांच्याकडे होता. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर सरफोजींनी समुद्रकाठी एक बहुमजली षट्कोनी मनोरा बांधला, इंग्रजांच्या विजयाच्या आनंदाप्रीत्यर्थ. तिथले लोक आजही त्याला मनोराच म्हणतात, तमिळमध्ये राहून गेलेला मराठी शब्द. इंग्रज जिंकले म्हणून शिवाजीमहाराजांच्या भावाच्या वंशजाने मनोरा बांधावा, हे ऐकताना मलाही टोचतं. नाही कशाला म्हणू?

पण मी त्यांना छत्रांची गोष्ट सांगितली. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली होती, बरीचशी राण्यांच्या नावाने. कारभार घेताना कंपनीचा डोळा त्यांच्या उत्पन्नावरही गेला असता. १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ती माझ्याकडेच राहू द्या अशी विनवणी केली. त्या पत्रात सगळं वर्णन आहे : कोणत्याही जातीचा वाटसरू येवो, त्याला अन्न मिळतं, आजारी पडला तर वैद्य, मेला तर त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार, अडलेल्या बाईची सोय, मुलांसाठी शाळा. तलवार उरली नव्हती, सही उरली होती. ती त्याने यासाठी वापरली. ह्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तरीपण मनोरा नको होता बांधायला." यावर मी काही बोलले नाही. तिसरा दिवस उजाडला तरी हा वाद मिटला नव्हता आणि अजूनही मिटलेला नाही.

वाद चालू असताना समोर सांबार होतं. संभाजीराजांसाठी आमसूल संपलं म्हणून चिंच घातली आणि सांबार जन्मलं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ऐकायला छान आहे, आधार काही नाही. सरफोजींच्या मुदपाकखान्याचं पाककृतींचं पुस्तक मात्र खरोखर आहे आणि ग्रंथालयाने ते छापलंही आहे. तमिळ घरांत पुरणपोळीला पोळीच म्हणतात. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्तं अजून गातात. आणि उलट बाजूने, सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरहून घडवून आणल्या असं आपल्याकडे सांगतात. येणंजाणं दोन्हीकडून होतं.

शेवट मात्र वाईट झाला. सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. राज्य कसलं, वाडाच. दागिने, हत्यारं, खासगी मिळकत, सगळ्यावर मोहोर लावली. राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. राज्य घ्या, पण घरातली चीजवस्तू कशी घेता, म्हणून त्यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात फिर्याद केली आणि चक्क जिंकल्या! कंपनी प्रिव्ही कौन्सिलकडे गेली. १८५९ मध्ये तिथे निकाल फिरला : ही राजसत्तेची कृती आहे, न्याय्य असो वा अन्याय्य, कोर्टाला तिच्यात पडता येत नाही. आमच्या शेजारचा कायद्याचा विद्यार्थी सांगत होता की हा खटला त्यांना अजून शिकवतात. खासगी मिळकत नंतर सरकारने मेहेरबानी म्हणून परत केली. पोथ्या वाचल्या. त्यांची संस्कृत सूची बर्नेल नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने केली, ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९१८ पासून ग्रंथालय सगळ्यांना खुलं झालं. मोठ्या देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त आजही भोसलेच आहेत.

निघायच्या आधी ग्रंथालयाच्या विक्री विभागात गेले. छापलेली मराठी पुस्तकं एका फळीवर होती. दोन घेतली, एक तंजावरच्या नाटकांचं आणि एक पाककृतींचं. बिल करणाऱ्या माणसाने पुस्तकांवरची धूळ फडक्याने पुसून दिली. मोडी येणारं कुणी ओळखीचं असेल, डोळे शाबूत असतील आणि चार-सहा महिने मोकळे असतील, तर मला जरूर कळवा. भाच्याच्या घरी राहायची सोय होईल, त्याला मी विचारून ठेवलंय.